काटा वर कधी चढते ते आधी पाहा : गाडी गरम व्हायचं कारण घरीच कसं शोधायचं

एप्रिल लागला की आमच्या नागपुरात दोन कामं एकदमच निघतात, कूलरच्या ताट्या बदलणं आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून बोनट उघडणं. वर्धा रोडनं या नाहीतर कामठी रोडनं, दुपारी तीनच्या उन्हात एक तरी माणूस दिसतेच, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, हातात पाण्याची बाटली, अन् ओतू की नको ओतू अशा विचारात उभा. दोन उन्हाळ्यांआधी तो माणूस मीच होतो, व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर, अन् मागून अख्खी सीताबर्डी हॉर्न वाजवून राहिली होती.

गाडी म्हणजे साधी पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेली. हिवाळ्यात समोरून ठोकल्या गेली होती, बंपर, ग्रिल, पंख्याचं कव्हर सगळं नवीन टाकलं, त्यानंतर दोन-तीन महिने काहीच त्रास नाही. एप्रिलमधे मात्र सिग्नलवर थांबलं की तापमानाचा काटा वर. मेकॅनिकनं पहिल्या खेपेला थर्मोस्टॅट (रेडिएटरकडं जायची पाण्याची वाट उघडणारा-बंद करणारा वॉल्व) बदलला, दुसऱ्या खेपेला रेडिएटर काढून धुतला, तिसऱ्या खेपेला म्हणे वॉटर पंप टाकून पाहू. टाकून पाहू! माझ्या पैशानं. तेव्हा मी गाडी वापस आणली अन् म्हटलं आता आपणच डोकं घालू. कारण काय निघालं ते पुढं पंख्याच्या जागी सांगतो, पण त्या महिनाभरात एक गोष्ट डोक्यात बसली की सगळे विचारतात "काय खराब झालं", आणि विचारायचं असते "कधी गरम होते". सिग्नलवर? हायवेवर? चढावर? सकाळी सुरू केल्याबरोबर? एवढं नीट सांगता आलं तर अर्धं काम तिथंच होते.

उन्हाळ्यातच काहून?

साधा हिशोब आहे. इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, समजा ९५ डिग्रीवर फिरून राहिलं. जानेवारीत दुपारी बाहेर २५ असते, म्हणजे फरक ७० चा. मे महिन्यात बाहेर ४५, फरक ५० चा. रेडिएटर उष्णता बाहेर फेकते ती या फरकाच्या जोरावर, म्हणजे तेवढ्याच हवेत त्याची ताकद चांगली पाव-हिश्शाच्या वर कमी झाली. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या समोरच बसवलेला असते, तो आपली गरमी सोडून हवा आणखी तापवून मागं पाठवते. म्हणून हिवाळ्यात जो अर्धा बुजलेला रेडिएटर किंवा मरतुकडा पंखा निभावून नेते तोच मे महिन्यात उघडा पडते. माझ्या गाडीचं तेच झालं, दोष डिसेंबरचा अन् बोंब एप्रिलमधे. पण "नागपूरचं ऊनच तसं आहे भाऊ, गाड्या गरम होणारच" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. सगळं ठीक असलेली गाडी ४६ डिग्रीत एसी लावून ट्रॅफिकमधे उभी राहू शकते, काटा मधातच राहते.

सिस्टिम समजायची असेल तर घरचा कूलर डोळ्यासमोर आणा. खाली टाकी, टाकीत पंप, पंप पाणी वर चढवते, ताट्यांमधून पाणी उतरते, पंखा हवा ओढते. गाडीत पण तेच, फक्त पाणी बंद नळीत फिरते, उडून जात नाही. अन् कूलरचं जे जे बिघडते ते गाडीचं पण बिघडते : पाणी कमी झालं, पंप मेला, ताट्या बोअरच्या पाण्याच्या क्षारानं दगड झाल्या, पंखा उलटा फिरला. हे शेवटचं ध्यानात ठेवा.

हात लावायच्या आधी

गाडी थंड पाहिजे. थंड म्हणजे रात्रभर उभी, सकाळी सहाला, चहाच्या आधी. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, आतलं पाणी १०० च्या वर गेलेलं असते पण दाबामुळं उकळत नसते, तुम्ही झाकण फिरवलं की दाब गेला अन् सगळं एका झटक्यात वाफ होऊन तोंडावर. याच्यात मर्दानगी दाखवून हात भाजलेले लोक मी पाहिले आहेत. दुसरं म्हणजे इलेक्ट्रिक पंखा, इंजिन बंद केल्यावरही काही गाड्यांत तो आपोआप सुरू होते, म्हणून बोनटखाली हात घालताना चावी काढून खिशात. दुपट्टा, लोंबणारी बाही, हातातलं कडं, सगळं दूर.

आता पहिले पाहायचं ते कूलंटची पांढरी बाटली. त्यावर मिन आणि मॅक्सच्या रेघा असतात, थंड गाडीत लेव्हल त्यांच्या मधात पाहिजे. ज्या गाडीत रेडिएटरवर वेगळं झाकण असते तिथं बाटली भरलेली पाहून खूश होऊ नका, झाकण उघडून रेडिएटरमधे काठोकाठ आहे का ते पण पाहा, कारण झाकण खराब असलं की बाटली भरलेली राहते अन् रेडिएटर रिकामा. रंग पाहा. हिरवा, गुलाबी, निळा काहीही असू द्या, रंगावरून जात ठरत नाही, पण तो साफ पाहिजे. गंजासारखा तांबडा, चहासारखा गढूळ असेल तर कोणीतरी नुसतं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी टाकत आलं आहे. वर तेलाचा तवंग दिसला तर ती वेगळी गोष्ट, त्यावर खाली येतो.

मग टॉर्च घेऊन एक चक्कर : वरचा मोठा होज पाइप, खालचा होज पाइप, त्यांच्या क्लिपा, रेडिएटरच्या दोन्ही बाजूच्या प्लास्टिकच्या टाक्या जिथं अॅल्युमिनियमला जोडल्या आहेत ती शिवण, अन् वॉटर पंपाच्या खालची जागा. लीक चालू असेलच असं नाही, बहुतेक वेळा वाळलेली पांढरट किंवा गुलाबी खपली दिसते, तीच खूण. होज दाबून पाहा, चांगला होज दाबला तर रबरासारखा वापस येते, म्हातारा झालेला एकतर कडकडा वाजते नाहीतर लिबलिबीत लागते.

सिग्नलवर गरम, चालत्यात ठीक

याचा अर्थ नव्वद टक्के एकच, हवा मिळत नाही. चालत्या गाडीत समोरून वारा घुसते, उभ्या गाडीत सगळा भरोसा पंख्यावर. म्हणून आधी पंखा.

गाडी सुरू करा, एसी फुल लावा. एसी लावल्याबरोबर किंवा थोड्या वेळात पंखा सुरू व्हायला पाहिजे. झाला नाही तर फ्यूज पाहा, मग रिले, म्हणजे पंख्याला करंट देणारा छोटा स्विच. रिले तपासायची देशी पद्धत म्हणजे फ्यूज बॉक्समधे त्याच नंबरचा, त्याच पिनांचा दुसरा रिले शोधायचा, बऱ्याचदा हॉर्नचा असते, अन् दोघांची अदलाबदल करायची. पंखा चालू झाला अन् हॉर्न बंद पडला तर कामच झालं. रिले बदलूनही नाही चालला तर पंख्याचं कनेक्टर काढून बॅटरीवरून मोटरला सरळ १२ व्होल्ट द्या, मधात फ्यूज लावून. तरी हालला नाही तर मोटर गेली, फिरला तर मोटर ठीक आहे अन् दोष वायरिंगमधे, रिलेत नाहीतर सेन्सरमधे. बऱ्याच गाड्यांत कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचं कनेक्टर काढलं की कॉम्प्युटर घाबरून पंखा फुल स्पीडवर लावते, ती पण एक फुकटची टेस्ट आहे, फक्त डॅशवर लाइट लागेल त्याला भिऊ नका. काही गाड्यांत पंख्याला दोन स्पीड असतात, त्यातलं कमी स्पीडवालं रेझिस्टर जळते, मग पंखा एकतर बंद नाहीतर एकदम शेवटी जोरात.

पंखा फिरते म्हणजे पंखा ठीक, असं समजू नका. इथंच मी महिना घालवला.

माझ्या गाडीचा पंखा वेळेवर लागे, जोरात फिरे, आवाज पण मस्त. तीन जणांनी पाहिलं, तिघांनी सांगितलं पंखा ओके. मग एका रविवारी घराच्या अंगणात गाडी सुरू ठेवून मी बोनटखाली वाकलेलो, अन् भाचा समोर उभा राहून मोबाइल पाहून राहिला होता. तो म्हणते, "मामा, तुमची गाडी पायावर गरम हवा फेकून राहिली." मी म्हटलं मे महिना आहे बे, हवा गरमच लागणार. नागपुरात मे महिन्यात पायाला गरम हवा लागली तर कोण लक्ष देते? पण दोन मिनिटांनी माझं डोकं चाललं. मागून येणाऱ्या गरम हवेला समोर काय काम? कालचा पेपर आणला, एक अख्खं पान सुटं केलं अन् ग्रिलसमोर धरलं. ते ग्रिलला चिकटायला पाहिजे होतं. ते फडफडत उडालं अन् तुळशीजवळ जाऊन पडलं.

पंखा उलटा फिरत होता. हिवाळ्यात ठोकल्यावर जिथं काम केलं तिथं कनेक्टर तुटला होता म्हणून दोन वायरी हातानं पिळून टेप गुंडाळला होता, आणि उलट्या जोडल्या होत्या. साधी डीसी मोटर, वायरी उलटल्या की फिरणं उलटते. म्हणजे पंखा इंजिनाची गरम हवा रेडिएटरमधून पुढं ढकलत होता, सिग्नलवर मदत करायच्या ऐवजी नुकसान, अन् हायवेवर समोरचा वारा जोरात असल्यामुळं काही समजत नव्हतं. दोन वायरी बदलल्या, नीट सोल्डर करून स्लीव्ह टाकली, पंधरा मिनिटं लागली. थर्मोस्टॅट अन् रेडिएटर धुलाईचे पैसे गेले ते गेलेच.

तर पंखा तपासताना तीन गोष्टी पाहा, लागते का, जोरात फिरते का, अन् हवा कोणत्या बाजूला जाते. पेपरचं पान हीच सगळ्यात स्वस्त टेस्ट. पान ग्रिलला चिकटून राहिलं तर पास, नुसतं हाललं तर कमजोर मोटर नाहीतर समोर काहीतरी बुजलं आहे.

बुजलेलं म्हणजे कंडेन्सर अन् रेडिएटरच्या मधली फट. टॉर्च मारून पाहा, तिथं धूळ, किडे, पालापाचोळा, प्लास्टिकची पन्नी, अन् आपल्याकडं कापूस. सावरीच्या शेंगा उन्हाळ्यात फुटतात, तो कापूस उडून बरोबर तिथंच जाऊन बसते, वरून धूळ बसली की गोधडी तयार. पाण्यानं धुवायचं पण वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं जवळून नाही, पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात अन् होती ती हवा पण बंद होते. साधा पाइप, आतून बाहेरच्या दिशेनं, गाडी थंड असताना.

जुन्या डिझेल जीपसारख्या गाड्यांत पंखा इंजिनावरच असते अन् मधात व्हिस्कस क्लच असते, तापलं की तो पंख्याला इंजिनाशी घट्ट धरते. गरम इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा हातानं फिरवा. अडल्यासारखा जड लागला तर क्लच जिवंत, कूलरच्या पंख्यासारखा मोकळा चार-पाच गिरक्या घेते तर क्लच मेला.

हायवेवर गरम, गावात ठीक

हे उलटं प्रकरण. गावात चाळीसच्या स्पीडनं सगळं बरं, शिवमडक्यावरून समृद्धीला लागले, अर्धा तास १०० च्या वर पळवली की काटा हळूहळू वर. हवा तर भरपूर आहे, म्हणजे पंख्याचा दोष नाही. एकतर पाणी पुरेसं फिरत नाही नाहीतर रेडिएटर आतून बुजला. समृद्धीवर सलग पळवणं ही एका अर्थानं रेडिएटरची परीक्षाच आहे, गावात जे झाकलेलं राहते ते तिथं निघते.

आतून बुजलेला रेडिएटर ओळखायला इन्फ्रारेड थर्मामीटर, ते पिस्तुलासारखं यंत्र, कामाचं. कोरोनात घेतलेलं कपाळाला धरायचं चालत नाही, ते ४२-४३ च्या वर दाखवतच नाही. गाडी गरम करून बंद करा अन् रेडिएटरच्या जाळीवर एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत मोजत जा. तापमान हळूहळू उतरत गेलं तर ठीक. मधातच एक पट्टा एकदम थंड लागला तर तिथून पाणी वाहतच नाही, नळ्या क्षारानं बंद आहेत. जुने पितळी रेडिएटर उघडून सळई मारून साफ करता येत, आताचे अॅल्युमिनियम-प्लास्टिकवाले तसे होत नाहीत. फ्लश करून पाहावं, फरक नाही पडला तर नवीनच टाकावा. गळती बंद करायची पावडर टाकू नका, ती भोकासोबत बारीक नळ्या पण बंद करते.

खालचा होज पण बघा. पंप तिथूनच ओढते, आतली स्प्रिंग गंजून गेली नाहीतर होज मऊ पडला की जोराच्या रेसवर तो स्ट्रॉसारखा आत चिकटते. कोणाला तरी गाडी उभी ठेवून तीन हजारावर रेस करायला सांगा अन् दुरून पाहा, चपटा होते का ते.

वॉटर पंप जाताना बहुतेक वेळा सांगून जाते. खाली एक बारीक भोक असते, सील गेलं की तिथून थेंब येते, अन् बेअरिंग गेलं की घरघर आवाज. बेल्ट ढिला आहे का तेही पाहा. आवाज नाही, लीक नाही, तरी पाणी फिरत नाही असंही होते, आतल्या पात्यांची गंजून वाट लागलेली असते, विशेषतः जिथं वर्षानुवर्षं नुसतं पाणी टाकलं तिथं.

थर्मोस्टॅट, अन् तो काढून फेकणारे

आपल्याकडं एक सल्ला सर्रास मिळते, "वॉल्व काढून टाकतो, टेन्शनच नाही." हा सल्ला घेऊ नका. थर्मोस्टॅट इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, इंजिन लवकर तापावं म्हणून. तो काढला की डिसेंबरच्या थंडीत इंजिन तापायला कितीतरी वेळ घेते, तोपर्यंत जास्त पेट्रोल पिते, तेल पातळ होत नाही. अन् काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असते, तो काढला तर अर्धं पाणी रेडिएटरमधे न जाताच वापस फिरते, म्हणजे गाडी आणखी गरम.

तपासायचं कसं? सकाळी थंड गाडी सुरू करा, वरच्या होजवर हात ठेवा. सुरुवातीची काही मिनिटं तो थंडच राहायला पाहिजे, मग काटा मधात आला की एकदम गरम. सुरू केल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला. काटा लालकडं चालला अन् होज तरी थंड, तर बंदच अडकला, तेव्हा लगेच इंजिन बंद करा. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडं असते, तिथं खालचा होज पाहावा लागते.

बाहेर काढलाच असेल तर स्टोव्हवर टेस्ट करा, जुनं पातेलं घ्या जे वापस स्वयंपाकात जाणार नाही. थर्मोस्टॅटवर ८२ नाहीतर ८८ असा आकडा छापलेला असते, तेवढ्या डिग्रीला तो उघडायला लागते. वॉल्वच्या फटीत दोरा अडकवा अन् त्या दोऱ्यानंच पाण्यात लोंबकळत ठेवा, बुडाला टेकू देऊ नका. १०० च्या वर जाणारं थर्मामीटर सोबत बुडवा. उघडायला लागला की दोऱ्यातून सुटून खाली पडते, त्या वेळचा आकडा पाहा. दोन-तीन डिग्री इकडंतिकडं चालते. पाणी खळाखळा उकळलं तरी लोंबकळतच राहिला तर फेका.

कूलंट कमी होते, पण जाते कुठं?

रात्री इंजिनाखाली खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवा, सकाळी डाग कुठं पडला ते समजते. एसीचं पाणी साफ असते, बिनवासाचं, त्याला लीक समजू नका. कूलंट चिकट, रंगीत अन् गोडसर वासाचं. पुठ्ठा कोरडा राहिला तरी लेव्हल उतरत असेल तर गरम दाबातच लीक होते अन् इंजिनावर पडून वाळून जाते. त्यासाठी गॅरेजमधे प्रेशर टेस्टर मागा, हातानं मारायचा पंप असते, झाकणाच्या जागी लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची अन् पंधरा मिनिटं काटा पाहायचा. उतरला तर कुठून तरी जाऊन राहिलं. ज्या गॅरेजकडं हा टेस्टर नाही अन् तरी ते पार्ट बदलायला तयार आहे, तिथून निघून या.

बाजूच्या सीटखालचा कार्पेट ओला, आत गोड वास, अन् समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं? हीटरचा छोटा रेडिएटर लीक आहे. आपल्याकडं हीटर कोणी लावत नाही म्हणून हे फार उशिरा समजते.

झाकण हे सगळ्यात दुर्लक्षित. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असते, तो दाब आहे. साधं पाणी उघड्यावर १०० ला उकळते, तेवढ्या दाबाखाली १२० च्या आसपास, अन् अर्धं-अर्धं कूलंट असेल तर आणखी वर. म्हणजे झाकणाचं रबर चिरलं तर गाडीनं वीस डिग्रीची गादी गमावली. दुसरी खूण अशी की गरम असताना बाटली भरून वाहते अन् थंड झाल्यावर पाणी वापस रेडिएटरमधे ओढल्या जात नाही. बदलताना तोच आकडा घ्या, "जास्त दाबाचं चांगलं" असं काही नसते, जुने होज फाटतात.

सगळं बाहेरून ठीक, तरी पाणी गायब

आता वाईट बातमी, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) अन् खालचा ब्लॉक यांच्या मधातलं सील. थंड गाडी सुरू केली अन् एक-दोन मिनिटातच, पाणी तापायच्या आतच, वरचा होज दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसून राहिला. झाकण थंड असतानाच उघडून मग सुरू करा, बुडबुडे येतच राहिले, थांबले नाही तर तेच. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा, गोड वासाचा धूर, ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस, किंवा वर म्हटला तो कूलंटवर तेलाचा तवंग, ह्या पण त्याच्याच खुणा. फेस नुसता थोडा असेल अन् गाडी थंडीत जवळच्या जवळच चालत असेल तर ती नुसती दमट हवा असू शकते, लगेच घाबरू नका. पक्कं करायला निळ्या पाण्याची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर नळी ठेवून आतली हवा त्या निळ्या द्रवातून ओढायची, पेट्रोल गाडीत गॅस असला तर ते पिवळं पडते. हेड उतरवायचा खर्च मोठा आहे, ही टेस्ट केल्याशिवाय हो म्हणू नका. उतरवलंच तर हेड वाकलं का ते पट्टी लावून तपासून, फेसिंग (घासून सपाट) करूनच बसवायला सांगा.

अन् कधी कधी गाडी गरमच नसते

३० मे २०२४ च्या आसपासची गोष्ट आठवते का, नागपुरात एका ऑटोमॅटिक हवामान केंद्रानं ५६ डिग्री दाखवले होते? देशभर बातमी झाली, लोकांनी आम्हाला फोन करून विचारलं जिवंत आहे का. नंतर हवामान खात्यानं सांगितलं सेन्सर खराब होता. गाडीचा सेन्सर पण तसाच खोटं बोलू शकते. २०१३ नंतरच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं, सॉकेट असते, त्यात ब्लूटूथवालं स्वस्त स्कॅनर लावून मोबाइलवर पाहा. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, फक्त इग्निशन ऑन करून, कूलंटचं तापमान अन् आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोघं जवळपास सारखेच पाहिजे. हवा ३१ अन् कूलंट ६२ दाखवत असेल तर सेन्सर नाहीतर त्याची वायर खोटी. गरम झाल्यावर बहुतेक गाड्या ८५ ते १०५ च्या मधात खेळतात, पंखा लागला की चार-पाच डिग्री उतरते, परत चढते. स्कॅनरवर पी०१२८ आलं तर इंजिन पुरेसं तापत नाही, थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा. पी०२१७ म्हणजे खरंच जास्त तापलं. पी०११७ किंवा पी०११८ म्हणजे सेन्सरचं सर्किट. पी०४८० पंख्याचं सर्किट. नवीन छोट्या गाड्यांत काटाच नसते, नुसता निळा अन् लाल दिवा, लाल लागेपर्यंत उशीर झालेला असते, त्यांच्यासाठी तर हे स्कॅनर घ्याच.

रस्त्यात झालं तर

काटा चढायला लागला पण लालमधे नाही गेला, तर एसी बंद, काचा खाली, अन् हीटर फुल गरमवर, पंखा जोरात. हो, मे महिन्यात. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची गरमी तुमच्या तोंडावर येईल पण इंजिन वाचेल. तेवढ्यात सावली पाहून बाजूला घ्या. लाल दिवा लागला किंवा वाफ निघाली तर मग हीटर-बिटर काही नाही, लगेच इंजिन बंद. "घर जवळच आहे" म्हणून चालवलेले ते दोन किलोमीटरच हेड वाकवतात. बोनट उघडून कमीत कमी पाऊण तास थांबा, रसवंतीवर जा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, चिरते. अडचणच असेल तर थंड झाल्यावर प्यायचं पाणी टाका, घरी पोचून बदलून घ्या.

भरताना

कूलंट अन् बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं, नाहीतर आधीच मिसळलेलं तयार घ्या अन् त्यात आणखी पाणी टाकू नका. कोणत्या जातीचं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असते, वेगवेगळ्या जातीचे मिसळले तर काही वेळा गाळ होते. बोअरचं पाणी अजिबात नको, तुमच्या बाथरूमचा नळ पांढरा झालेला दिसते ना, तेच आत होईल. काढलेलं जुनं कूलंट नालीत नाहीतर अंगणात टाकू नका, ते गोड असते अन् विषारी, कुत्री चाटतात.

भरल्यावर आत हवा अडकते, अन् हवा अडकली की नवीन सगळं टाकूनही गाडी गरम. समोरचे चाक थोड्या चढावर, थंड असतानाच झाकण उघडं, हीटर फुल गरमवर, गाडी सुरू करून बुडबुडे निघू द्या, कमी झालं तसं टाकत राहा, थर्मोस्टॅट उघडून लेव्हल एकदम खाली जाते तेव्हा परत भरा, पाणी वर यायला लागलं की झाकण लावून घ्या. ज्या गाडीत हवा काढायचा स्क्रू आहे तिथं तो ढिला करून पाण्याची सलग धार आली की कसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पुन्हा पाहा, थोडं उतरलेलंच असते. मी बाटलीवर काळ्या मार्करनं रेघ मारून बाजूला तारीख लिहून ठेवतो. माझी शेवटची रेघ १२ मार्चची आहे, काल पाहिलं, पाणी तिथंच आहे.